कोल्हापुरातला ड्रिबलिंगचा उन्हाळी क्लास: लेकीचे सहा आठवडे

सुट्टीत लेकीला फुटबॉलच्या ह्या ड्रिबलिंगच्या, म्हणजे बॉल पायाशी ठेवून समोरच्याला चकवत पुढं नेण्याच्या बॅचला घातलं होतं, एप्रिलच्या शेवटी सुरू झाली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात संपली. तेव्हापासून बिल्डिंगमधल्या, शाळेतल्या सगळ्या आया विचारतायत की कसा आहे क्लास, पैसे वसूल होतात का, पोरींना पाठवावं का, सर ओरडतात का. प्रत्येकीला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहिते, लांब होईल पण अर्धवट सांगण्यात अर्थ नाही.

आधी माहिती. सहा आठवडे, आठवड्यातून चार दिवस, सकाळी साडेसहा ते आठ. फी २,५०० रुपये, एकदम दिली नाही तरी चालते, मी दोन हप्त्यात दिली. वय ८ ते १४. बॉल आपला आपण आणायचा. मैदान मातीचं, गवत नावाला कडेकडेनं. लेक माझी ११ वर्षांची, सहावी झाली यंदा.

मी रोज पूर्ण वेळ मैदानावर थांबायचे. एक तर एवढ्या सकाळी परत घरी जाऊन परत यायचं जमत नव्हतं आणि दुसरं म्हणजे गेल्या वर्षीचा अनुभव वाईट होता. गेल्या वर्षी तिला एका टर्फवरच्या, म्हणजे नकली गवताच्या मैदानावरच्या अकॅडमीत घातलं होतं, नाव घेत नाही, सहा महिन्यांची फी आगाऊ भरली, जर्सी, बॅग सगळं मिळालं, फोटो तर रोज यायचे ग्रुपवर. तिथं काय शिकवलं तर आठ कोन, म्हणजे ते प्लास्टिकचे शंकू, ओळीनं मांडायचे आणि त्यातून बॉल घेऊन नागमोडी जायचं. रोज तेच. पोरगी दोन महिन्यात कोनांमधून इतकी सफाईदार जायला लागली की मी खुश, आजोबांना व्हिडिओ पाठवले. शिवाय रेनबो फ्लिक शिकवली, म्हणजे दोन्ही पायात बॉल धरून टाचेनं डोक्यावरून पुढं उडवायचा तो प्रकार. आणि मग सोसायटीतल्या पोरांबरोबर खेळायला उतरली तर बॉल तिच्या पायात तीन सेकंद टिकेना. समोर कोणी आलं की थबकायची, मान खाली, आणि बॉल गेला. घरी येऊन रडली. म्हणाली आई मला सगळं येतंय मग मला का जमत नाही. ते ऐकून मला लई वाईट वाटलं, कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढं तिथलं जाणं बंद केलं, उरलेली फी परत मिळाली नाही.

ह्या क्लासचं नाव माझ्या धाकट्या भावानं सुचवलं. आमचं माहेर पेठेतलं, तिथं तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नाही, तालमीची फुटबॉल टीम असते आणि टीमचा अभिमान घराघरात असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, फुलेवाडी ही नावं आम्ही पोरी पण लहानपणापासून घरातल्या माणसांच्या नावासारखी ऐकत आलो. सीझनला शाहू स्टेडियमवर मॅच असली की आमच्या घरात जेवणाची वेळ मॅचवर ठरायची. भाऊ स्वतः राइट विंगला, म्हणजे उजव्या कडेला खेळला बरीच वर्षं, नंतर गुडघ्यानं दगा दिला. तो म्हणाला, ताई, हे सर माणसासमोर ड्रिबल शिकवतात, तू एक आठवडा बघ आणि मग ठरव.

तर पहिला दिवस. मला वाटलं होतं कोन मांडतील. सरांच्या पिशवीत एकही कोन नाही! पोरांना दोन दोन मीटरवर उभं केलं, प्रत्येकाचा बॉल प्रत्येकाच्या पायाशी, आणि वीस मिनिटं जागच्या जागी फक्त बॉलला हात लावावा तसा पाय लावायचा. चवड्यानं वरून टप टप, मग आतल्या बाजूनं ह्या पायातून त्या पायात, मग चवड्याखाली बॉल मागं ओढायचा आणि आतल्या बाजूनं तिरका पुढं काढायचा, मग बाहेरच्या बाजूनं, म्हणजे करंगळीकडून. करंगळीकडचा भाग पोरं वापरतच नाहीत म्हणे, आणि धावताना बॉल न थांबवता दिशा बदलायला तोच लागतो, कारण धावताना पाय तसाच सरळ पुढं पडतो, आतली बाजू लावायची तर पाय वळवावा लागतो आणि वेग मोडतो. हे सरांनी पोरांना पळवून दाखवलं. आधी आतल्या बाजूनं बॉल ढकलत पळा, मग बाहेरच्या, बघा कुठला पाय अडतोय. पोरांनाच कळलं.

बॉल आपापला का, तेही त्या दिवशी कळलं. दीड तासात एकही पोर रांगेत उभं नव्हतं. टर्फवर दहा पोरांत तीन बॉल असायचे, म्हणजे माझी लेक एका तासात जेमतेम दहा मिनिटं बॉलला पाय लावत असेल, बाकी रांग. इथं बॉल सतत पायाशी. साधी गोष्ट आहे पण सगळा फरक तिथूनच पडतो असं माझं मत झालंय.

बॉलच्या साइजचं सांगते कारण मी चुकले होते. दुकानदार म्हणाला मोठा घ्या, पोरगी वाढतीये, साइज ५ घेतला. सरांनी पहिल्याच दिवशी हातात घेऊन बाजूला ठेवला. ८ ते १२ वयाला साइज ४, त्याचा घेर साधारण ६३.५ ते ६६ सेंटीमीटर आणि वजन ३५० ते ३९० ग्रॅम, आणि ५ नंबरचा ६८ ते ७० सेंटीमीटर आणि ४१० ते ४५० ग्रॅम. ऐकायला थोडा फरक वाटतो पण ह्या वयात एवढ्याशा पायाला तो बॉल ढकलावा लागतो, नुसता लावून भागत नाही, मग टच मोठा जातो आणि तीच सवय लागते. शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घेतो तसं बॉलचं आणि बुटाचं करू नका. बुटाचं पण तेच, मातीच्या कडक मैदानावर लांब स्टडचे, म्हणजे तळाला लांब खुंट्या असलेले बूट घालून पोरं घसरतात आणि घोटा मुरगळतो, त्यापेक्षा खाली बारीक रबरी टिपके असलेले टर्फ शूज घ्या. तेही मापाचे, अंगठ्यापुढं फार जागा नको, कारण बूट सैल असला की बॉल कुठं लागतोय तेच पायाला कळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून खरी गंमत सुरू झाली. सरांनी चपलांच्या दोन जोड्या ठेवून पाच मीटर रुंदीची गल्ली केली, लांबी दहाएक मीटर. एका टोकाला बॉल घेऊन एक पोर, मध्ये एक अडवणारं. पलीकडे बॉल घेऊन पोचायचं, बस्स. आणि पोरांना एकच सूचना, बॉलकडे नाही, समोरच्याच्या गुडघ्याकडे बघायचं. कोन कधी पाय घालत नाही आणि कोन कधी फसत पण नाही, हे सरांचं वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय.

आणि इथं मला जे कळलं त्यासाठी मी हा सगळा प्रपंच लिहितेय. मी शाळेत आणि पुढं कॉलेजात दोन वर्षं खो-खो खेळले. खो-खोत पळती करणाऱ्याला काय शिकवतात? मागं लागलेली एकदा एका दिशेनं निघाली की तिला खांबापर्यंत माघारी फिरता येत नाही, तिचा खांदा वळला की दिशा ठरली. म्हणून तुम्ही अशी हूल द्यायची की तिचा खांदा चुकीकडे वळला पाहिजे. तुम्ही किती जोरात पळता त्यापेक्षा तिला किती आधी ठरवायला लावता ह्याच्यावर सगळं आहे. कट्ट्यावर बसून मी तिसऱ्या दिवशी ते बघत होते आणि अंगावर काटा आला, कारण सर पायात बॉल देऊन तेच शिकवत होते. फुटबॉलमध्ये मागं फिरायला नियम आड येत नाही, तिथं शरीराचं वजन आड येतं. अडवणाऱ्याचा भार एका बाजूला गेला की त्याला उलटं यायला आधी थांबावं लागतं, मग पाय रोवावा लागतो, मग निघता येतं. तेवढ्यात तुम्ही गेलेला असता. गुडघा वाकला की भार तिकडं गेला, म्हणून नजर गुडघ्यावर. माझ्या लेकीला गेलं वर्षभर कुणी ही एक गोष्ट सांगितली नव्हती, तिला पायाच्या हालचाली दिल्या आणि त्या कुणासाठी करायच्या तेच सांगितलं नाही.

तिची चूक काय होती ते सरांनी पाच मिनिटात दाखवलं. ती स्टेपओव्हर, म्हणजे बॉलवरून पाय फिरवून कात्री मारायची ती, फार लांबून करायची. समोरचा मुलगा अजून तीन मीटरवर आणि हिची कात्री मारून झाली. तो कशाला हलेल, त्याला अजून काही ठरवायचंच नाहीये. आणि कधीकधी एकदम जवळ जाऊन करायची, तेव्हा तो सरळ पाय लांबवून बॉल घ्यायचा. सरांनी त्या मुलाला सांगितलं जागेवर उभं राहून पाय जेवढा लांबतो तेवढा लांबव. त्यानं लांबवला. सरांनी त्याच्या बुटाच्या टोकापासून एक वीतभर अंतर सोडून मातीत काडीनं रेघ मारली आणि लेकीला म्हणाले, बाळा, तुझा बॉल ह्या रेघेवर आला की हूल. रेघेच्या अलीकडे केलीस तर हूल फुकट गेली, पलीकडे केलीस तर बॉल त्याचा. दोन दिवस रेघ होती, नंतर रेघ पुसली, नंतर तो मुलगा चालत पुढं यायला लागला, नंतर पळत. अशा पायऱ्या मी कुठल्याच क्लासला बघितल्या नाहीत.

आणखी एक. हूल देऊन झाल्यावरचे पहिले दोन-तीन पाय. सर म्हणायचे चकवा अर्धाच झालाय अजून. पोरं हूल देतात, समोरचा फसतो, आणि आपणच खुश होऊन त्याच वेगानं पुढं जातात, तोवर तो परत हजर. म्हणून येताना सावकाश या आणि निघताना गोळीसारखे निघा. लेकीला हे जमायला सगळ्यात वेळ लागला, जवळजवळ चौथा आठवडा उजाडला. तिचा स्वभावच थोडा थांबून बघायचा आहे की जमलं का. मी पण घरी तेच बोलत होते, जमल्यावर बघू नको गं, जा.

शनिवारी शेवटची वीस मिनिटं झाडाखाली बसून गप्पा आणि फोनवर जुन्या क्लिपा. मला हा भाग फार आवडला कारण पोरांना वाटतं ट्रिक म्हणजे आत्ताच्या रीलमधलंच काहीतरी. एका शनिवारी अर्जेंटिनाच्या मॅराडोनाचा इंग्लंडविरुद्धचा दुसरा गोल दाखवला, २२ जून १९८६, मेक्सिको सिटीतलं अझ्टेका स्टेडियम, वर्ल्डकपची क्वार्टर फायनल. सरांनी पोरांना काम दिलं, बॉलला किती टच आणि कुठल्या पायानं ते मोजा. पोरांनी तीनदा लावून मोजलं. अकरा टच, सगळेच्या सगळे डाव्या पायाचे. साधारण दहा-अकरा सेकंद. आपल्या अर्ध्या मैदानातून बॉल घेतो, इंग्लंडच्या बिअर्डस्ली आणि रीड यांच्या मधून गिरकी घेऊन निघतो, बुचर मागं पडतो, फेनविक मागं पडतो, मग गोलकीपर शिल्टन. सरांनी विचारलं ह्यात रेनबो कुठं आहे? इलास्टिको (ही ट्रिक पुढं सांगते) कुठं आहे? पोरं गप्प. पहिली गिरकी सोडली तर बाकी नुसते टच, खांदा, वेग आणि समोरचा चुकीच्या पायावर असताना निघणं. लेक घरी येऊन मामाला फोन करून अकरा टच अकरा टच सांगत होती, मामाला अर्थातच पाठ होतं, पण तो तिला पहिल्यांदा ऐकतोय असं ऐकत राहिला.

दुसऱ्या शनिवारी क्रायफ टर्न. १९७४ चा वर्ल्डकप, जर्मनीतलं डॉर्टमुंड, हॉलंड विरुद्ध स्वीडन. हॉलंडचा क्रायफ आता बॉल मारणार असा पाय उचलतो, समोरचा यान ओल्सन तिकडे झुकतो, आणि हा त्याच पायाच्या आतल्या बाजूनं बॉल स्वतःच्या उभ्या पायामागून ओढून उलटा फिरतो. मॅच ०-० सुटली, त्यातून गोल पण झाला नाही, आणि तरी जगभरची पोरं अजून तीच गिरकी शिकतात. सरांचा मुद्दा होता की पाय खरोखर मारण्यासाठी उचलल्यासारखा उचलला पाहिजे. हात पण उडाला पाहिजे, नजर पण तिकडं पाहिजे. पोरं पाय नुसता हलवतात, समोरच्याला कळतं की हा मारणार नाही. मग पुढच्या आठवड्यात सरांनी काय केलं, पाच वेळा खरंच मारायला लावलं आणि सहाव्यांदा टर्न. अडवणाऱ्याला खोटं पटायचं तर त्यानं आधी खरं बघितलेलं असलं पाहिजे. मला हे इतकं पटलं!

गारिंचाचं पण सांगितलं, ब्राझीलचा, १९५८ आणि १९६२ च्या वर्ल्डकप टीममधला. पाय जन्मापासून वाकडे, आणि बहुतेक वेळा उजवीकडूनच जायचा, समोरच्या सगळ्यांना माहीत असायचं आणि तरी थांबवता यायचं नाही. ते ऐकून बॅचमधला एक जाडसर मुलगा, ज्याला एकच चकवा यायचा आणि म्हणून तो मागं मागं राहायचा, तो पुढच्या आठवड्यात बदललेला मी डोळ्यांनी बघितला. एकच, पण वेळेवर. सरांनी मुद्दाम त्याच्याकडे न बघता ती गोष्ट सांगितली होती हे माझ्या लक्षात आलं.

ट्रिक्स शिकवतच नाहीत असं मात्र नाही हां. शुक्रवारी शेवटची पंधरा मिनिटं ट्रिकची. इलास्टिको शिकवली, म्हणजे बाहेरच्या बाजूनं बॉल ढकलल्यासारखा करायचा आणि पाय बॉलपासून न सोडता लगेच आतल्या बाजूनं उलटा आणायचा, एकाच टचमध्ये दोन दिशा. ब्राझीलच्या रिव्हेलिनोनं ती गाजवली, त्याला ती सेर्जिओ एचिगो नावाच्या सहकाऱ्याकडून मिळाली, आणि आपल्या पिढीला ती रोनाल्डिन्होमुळे माहीत. अकरा वर्षांच्या पोरांच्या घोट्याला ती अवघड जाते, चार-पाच जणांनाच जमली, पण प्रयत्नात पायाला बॉल कळतो हे खरं. आणि रेनबो फ्लिक लेकीनं सगळ्यांना शिकवली, सरांनी तिलाच पुढं उभं केलं. टर्फवर शिकलेलं ते वाया गेलं म्हणून मी हळहळत होते, त्या दिवशी तिचा चेहरा बघून ती हळहळ गेली.

घरचा अभ्यास असतो. टेनिस बॉलवर. घरात फुटबॉल आपटला की खालच्या मजल्यावरून फोन येणार, त्यामुळे टेनिस बॉल ही सोय मला तर फारच बरी वाटली. रोज डाव्या पायानं दोनशे टच, उजव्यानं शंभर. उजवा पाय आपोआप चालतो, डाव्याला दुप्पट द्यायचं. टेनिस बॉल एवढासा असल्यामुळे पाय नेमका लागावा लागतो, आणि मग मैदानात ४ नंबरचा बॉल कलिंगडाएवढा दिसतो असं लेक म्हणते. सहा आठवड्यात डावा पाय उजव्याएवढा झाला असं कुणी म्हणत नाही, पण आधी डाव्या बाजूला बॉल आला की ती अख्खी वळून उजव्यावर घ्यायची, ते थांबलं.

तिसऱ्या आठवड्यात वळीव लागला. संध्याकाळी गारांचा पाऊस आणि सकाळी मैदानात चिखल. दोन दिवस क्लास झाला नाही आणि तो निरोप सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आला, तेव्हा आम्ही बूट घालून दारात. ही माझी पहिली तक्रार. आदल्या रात्री मैदान कसं आहे हे कळतं, रात्रीच एक मेसेज टाकायला काय हरकत आहे, लांबून येणारे पालक आहेत, एक जण तर उचगावहून येत होते. बुडालेले दोन दिवस शेवटी भरून दिले, ते चांगलं केलं.

दुसरी तक्रार मोठी आहे. बॅच सुरू झाली तेव्हा १४ पोरं होती. मे महिना लागल्यावर २६ झाली. सर एकटे आणि एक कॉलेजचा मुलगा मदतीला, तो चांगला आहे पण तो समजावून सांगत नाही, करून दाखवतो आणि पुढं जातो. गल्लीत पोरांना आधी एका दिवसात वीस-पंचवीस वेळा समोरासमोर यायला मिळायचं ते दहा-बारावर आलं. मी सरांशी बोलले. ते म्हणाले, वहिनी, दारात आलेल्या पोराला नाही म्हणवत नाही. भावना समजते हो, पण मग दुसरी बॅच काढा, आहेत त्यांचं कमी करू नका. आणि ८ वर्षांचं पोर १३ वर्षांच्या समोर उभं करू नये, एकदा एक छोटा जोरात आपटला, कोपर सोललं. त्यानंतर वयानुसार दोन गट केले, पण ते पहिल्या दिवसापासून हवं होतं.

तिसरी, आणि ही पोरींच्या आयांनी लक्षात घ्या. मैदानावर मुलींना बाथरूमची सोय नाही. मुलं कुठंही जातात, पोरींनी काय करायचं? बॅचमध्ये चार मुली होत्या, आम्ही आया जवळच्या एका ओळखीच्या घरी घेऊन जायचो. पोरी पाणी कमी पितात मग, आणि मे महिन्याच्या उन्हात दीड तास पळायचं म्हणजे ते धोक्याचं आहे. मैदान सरांचं नाही हे मान्य, तरी शेजारच्या शाळेशी किंवा मंडळाशी बोलून सोय होऊ शकते. मी स्वतः यायला तयार आहे बोलायला, तसं सांगितलंय सरांना.

बाकी मुलींशी वागणूक मात्र अगदी सरळ. वेगळी लाइन नाही, सौम्य खेळा रे तिच्याशी असलं काही नाही, गल्लीत ज्याचा नंबर त्याच्यासमोर ती. पहिल्या आठवड्यात एक-दोन मुलं हिच्यासमोर हसत उभी राहायची, सरांनी काही भाषण दिलं नाही, फक्त त्यांना सलग तिच्यासमोरच ठेवलं. पाचव्या आठवड्यात ती मुलं गुडघे वाकवून, नीट पवित्रा घेऊन उभी राहत होती. ओरडण्याबद्दल विचारतात म्हणून सांगते, सर ओरडतात, पण वेळेवर न आल्याबद्दल आणि बॉलवर बसल्याबद्दल. चकवा फसला म्हणून मी एकदाही ओरडताना ऐकलं नाही. उलट बॉल गेला तरी माणसासमोर गेलास ना, म्हणून शाब्बासकी. गल्लीत पास द्यायला बंदीच होती, कारण सरांचं म्हणणं पोरं भीतीनं पास देतात आणि मोठी माणसं त्याला टीमवर्क म्हणतात. मॅचमध्ये कधी पास द्यायचा आणि कधी घेऊन जायचं, हे शेवटच्या आठवड्यात शिकवलं, आणि मला वाटतं त्याला अजून एक आठवडा द्यायला हवा होता. माझा भाऊ पण हेच म्हणाला. आपल्या गोलसमोर ड्रिबल करायचं नाही, कडेला समोर एकटा सापडला की करायचं, मागून दुसरा यायच्या आत करायचं, हे पोरांना घाईघाईत कळलं.

शेवटच्या रविवारी पाच-पाच जणांच्या मॅच ठेवल्या. भाऊ, वहिनी, माझे आईबाबा सगळे आले होते, बाबांनी तर टोपी घालून सकाळी साडेसहाला खुर्ची मांडली. लेक उजव्या कडेला. पहिल्या मॅचला तिला दोनदा बॉल मिळाला आणि दोन्ही वेळा पास देऊन मोकळी झाली. दुसऱ्या मॅचला बॉल तिच्याकडे आला तेव्हा समोर बॅचमधला सगळ्यात उंच मुलगा होता, आठवीतला. ती थांबली नाही, पण वेग कमी केला. मान वर होती हे मी आधी बघितलं, माझं लक्ष दुसऱ्या कशाकडे नव्हतंच. बॉल छोट्या छोट्या टचनं रेघेवर आला, म्हणजे रेघ नव्हती पण मला दिसत होती ती. तिनं डावा खांदा पाडला, अगदी कमरेतून, त्या मुलाचा उजवा गुडघा वाकला, आणि करंगळीकडून टच देऊन ती उजवीकडनं गेली. कात्री नाही, काही नाही. नुसता खांदा. त्यानं हात लांब केला, तो तिच्या जर्सीला लागला आणि सुटला. पुढं तिनं बॉल मध्ये दिला, गोल झाला नाही, गोलच्या खांबाऐवजी ठेवलेल्या चपलेला लागून बाहेर गेला. माझे बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. भाऊ काही बोलला नाही, त्यानं माझा हात घट्ट धरला होता नुसता.

आमच्या कोल्हापुरातला अनिकेत जाधव २०१७ ला १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला तेव्हा पेठेत काय वातावरण होतं ते मला आठवतंय, लेक तेव्हा अगदी लहान होती. पोरांना असं कोणीतरी डोळ्यासमोर आहे. पोरींना अजून गल्लीत खेळायला टीमच मिळत नाही, सोसायटीत मुलांनी घेतलं तर खेळायचं. असा क्लास त्यांच्यासाठी जास्त गरजेचा आहे असं मला वाटतं, म्हणून बाथरूमचं मी एवढं धरून बसलेय.

पैशाचं विचाराल तर २,५०० मध्ये २४ दिवस, म्हणजे दिवसाला शंभर-सव्वाशे, वसूल आहे. त्यात बॉल आणि टर्फ शूजचा खर्च वेगळा धरा. पाण्याची मोठी बाटली द्या, केळं द्या, उन्हाची टोपी सरांना चालत नाही कारण मान वर ठेवायची असते, म्हणून सनस्क्रीन लावून पाठवा. ज्यांना फक्त ट्रिकचे व्हिडिओ काढायचे आहेत त्यांची निराशा होईल, फोन आणायला बंदी आहे. अगदी पहिल्यांदा बॉलला पाय लावणाऱ्या ८ वर्षांच्या पोराला पहिले दोन आठवडे जड जातात, तेवढं सोसायची तयारी ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवसांची बॅच आहे, लेकीचं नाव मी घातलंय. सरांनी २० च्या वर पोरं घेणार नाही असं कबूल केलंय. सध्या संध्याकाळी पार्किंगमध्ये मीच तिच्यासमोर उभी राहते, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत, ती टेनिस बॉल घेऊन येते आणि माझ्या गुडघ्याकडे बघत असते. काल सातातली चार वेळा गेली, आज पाच.